माझ्या पाटल्या जमिनीत आहेत

मैत्रिणींनो, घर बांधायचं ठरलं की आपण बायका कशाकशाचा विचार करतो, आठवा बरं! ओटा किती उंच हवा, मोरी कुठे, देवघर कोणत्या भिंतीला, माळ्यावर लोणच्याच्या बरण्या बसतील का, खिडकीतून रस्ता दिसेल का. मी तर त्यासाठी दोनशे पानी वहीच घातली होती. ओट्याखाली पाण्याच्या पिंपाला किती जागा सोडायची, इथपर्यंत सगळं तिच्यात लिहिलेलं. घराखालच्या मातीबद्दल मात्र त्या वहीत एक ओळ नव्हती.

मातीचा काय विचार करायचा, असं तुम्ही म्हणाल. मीही तसंच म्हणाले असते. पण त्या न केलेल्या विचारापायी आईने लग्नात घातलेल्या माझ्या चार तोळ्यांच्या पाटल्या गेल्या. अजून कुणी माझ्या हातांकडे बघून विचारलं, की मी सांगते, "आहेत ना पाटल्या, जमिनीत आहेत." ऐकणारीला वाटतं, चोरांच्या भीतीने पुरून ठेवल्या असतील!

ही गोष्ट तशी जुनी आहे, चाळीस वर्षांपूर्वीची. पण परवा सूनबाईने नव्या फ्लॅटची माहितीपत्रकं पुढ्यात टाकली आणि पुन्हा आठवली.

आमच्या यांचं बालपण नारायण पेठेतल्या एका वाड्यात गेलं, भाड्याच्या दोन खोल्यांत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि खडकवासला ही दोन्ही धरणं फुटली आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं, तेव्हा हे सोळा वर्षांचे होते. पाणी ओसरल्यावर परत आले तर वाड्याचं दगडी जोतं तेवढं जागेवर. वरच्या मातीच्या भिंती विरघळून खाली बसलेल्या. त्यानंतरच्या सतरा वर्षांत या माणसांनी सात बिऱ्हाडं बदलली. स्वतःच्या घराचा विषय निघाला की यांचा आवाज बदलायचा, तो का, ते मला लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी कळलं.

१९७८ साली हडपसरच्या पलीकडे, मांजरीच्या वाटेला, उसाच्या रानांचे प्लॉट पडले. मुठा कालव्याच्या पाण्यावर तिकडे पिढ्यान्‌पिढ्या ऊस होत होता. कोथरूडकडे त्याच पैशांत निम्मीच जागा येत होती, म्हणून आम्ही ही घेतली. पहिल्यांदा जागा बघायला गेलो तेव्हा सासूबाई बरोबर होत्या. बार्शीकडच्या खेड्यात वाढलेली ती बाई. खाली वाकून त्यांनी एक ढेकूळ उचललं, बोटांनी चुरडलं आणि म्हणाल्या, "पीक झकास येईल हो. पण इथं घर कशाला बांधता?"

हे हसले. मीही हसले.

सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडं काळीत पेरतात आणि पांढरीत राहतात." जुन्या गावात हे दोन शब्द लहान पोरालाही ठाऊक असायचे. काळी म्हणजे रान, शेतजमीन. पांढरी म्हणजे गावठाण, घरं वसलेली जागा. गाव वसवणारे लोक काळी पेरायला राखून ठेवायचे आणि घरं बाजूच्या पांढऱ्या मातीवर किंवा मुरमाड उंचवट्यावर बांधायचे. काळ्या रानाला उन्हाळ्यात अशा भेगा पडतात, की कोंबडीचं पिल्लू आत गेलं तर सापडत नाही, असंही त्या म्हणाल्या. आम्ही ते खेड्यातलं बोलणं म्हणून सोडून दिलं. शहर पसरतं ते गावोगावच्या काळीवरच, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात होतं?

१९७९च्या मे महिन्यात पाया खणला. तो मे महिना लक्षात ठेवा. उन्हाने तापलेली काळी माती दगडासारखी कडक होते; पहार मारली तर खण्‌कन आवाज येत होता. आमच्या ठेकेदाराने तो आवाज ऐकवला आणि म्हणाला, "बघा साहेब, काय जमीन आहे! साडेतीन फूट चर पुरे. खड्डा खणून माती तपासायची म्हणजे दीडशे रुपये फुकट." ह्यांनी ते दीडशे रुपये वाचवले. दगडी चर, वर विटांच्या भिंती, तीन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि मोरी. दिवाळीला वास्तुशांत झाली. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ह्यांच्याही होतं, फक्त ते धुरामुळे आहे असं सांगत होते.

मोरीचं पाणी स्वयंपाकघराच्या भिंतीलगत सोडलं होतं. तिथे सासूबाईंनी अळू लावलं आणि दोन केळी. कुठल्या मराठी घरात मोरीच्या पाण्यावर अळू नसतं? काय तरारलं होतं! शेजारणी वड्यांसाठी पानं मागून न्यायच्या.

पहिली भेग दुसऱ्या उन्हाळ्यात दिसली. ओट्याच्या वरच्या कोपऱ्यातून निघून तिरकी खिडकीपर्यंत गेलेली, केसाएवढी. ह्यांनी सिमेंट भरलं. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा, पेन्सिल शिरेल इतकी. ठेकेदाराला बोलावलं तर तो म्हणाला, "वहिनी, भेगा सगळ्याच घरांना पडतात. घर बसतंय." किती दिवस बसणार, ते काही त्याने सांगितलं नाही. त्यातच स्वयंपाकघराचं दार अडकायला लागलं. सुतार आला, रंधा मारून गेला. म्हणाला, लाकूड फुगलंय.

आता तुम्हीच सांगा, लाकूड कधी फुगतं? पावसाळ्यात. आमचं दार अडकायचं मे महिन्यात, आणि गणपतीच्या सुमाराला इतकं सैल व्हायचं, की वरच्या फटीतून पलीकडचा दिवा दिसायचा. हे मला खटकलं. पुरुषमाणसं घरात सकाळी आणि रात्री असतात. दाराशी दिवसातून पन्नास वेळा आपला संबंध येतो. मी काय केलं, भेगेच्या दोन टोकांना पेन्सिलने आडव्या खुणा केल्या आणि बाजूला तारीख घातली. मग दर महिन्याच्या पहिल्या तारखेला भेग कुठवर आली त्याची खूण करायची, आणि मुलाच्या कंपासपेटीतल्या पट्टीने रुंदी मोजून लिहायची. भिंतीवर रेघोट्या मारू नका म्हणून मुलांना ओरडणारी मी! पण वर्षभरात भिंतीवर स्वच्छ दिसायला लागलं. भेग फेब्रुवारीपासून उघडत जाते, मेअखेर सगळ्यात मोठी होते, पाऊस लागला की मिटायला लागते आणि सप्टेंबरात जवळजवळ बंद.

ह्यांना दाखवलं. हे म्हणाले, "तू भिंत खराब केलीस."

१९८२च्या मे महिन्यात माझी धाकटी, चार वर्षांची, स्वयंपाकघरात गेली आणि खेळता खेळता तिने दार आतून लोटलं. दार चौकटीत जे घट्ट बसलं ते उघडेना. आत वातीचा स्टोव्ह पेटलेला, त्यावर दूध. मी बाहेरून ढकलतेय, ती आतून रडतेय. दूध उतू गेल्याचा वास आला, नंतर करपल्याचा. हे कचेरीत. सासूबाई देवाचं नाव घेत अंगणात उभ्या. शेजारचा कॉलेजातला मुलगा पहार घेऊन धावत आला आणि त्याने दाराची खालची फळी फोडली. पोरगी त्या भोकातून बाहेर आली. तिला काही झालं नव्हतं. मला मात्र त्यानंतर कित्येक रात्री तो करपल्याचा वास यायचा.

त्या रात्री ह्यांनी फुटलेलं दार बघितलं, मग पहिल्यांदाच भिंतीवरच्या माझ्या तारखा कंदील धरून नीट वाचल्या. दुसऱ्या दिवशी मी माझ्या दादाला पत्र टाकलं.

दादाचे एक स्नेही इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत. ते एका रविवारी आले. आल्या आल्या त्यांनी भिंतीवरच्या तारखा बघितल्या आणि म्हणाले, "वहिनी, हे कुणी लिहिलं? माझे विद्यार्थी एवढ्या नेटाने नोंदी ठेवत नाहीत." मला काय वाटलं असेल, ते तुम्ही समजून घ्या. ह्यांच्याकडे मी मुद्दाम बघितलं नाही.

मग त्यांनी जो प्रयोग केला तो तुम्हांलाही घरी करता येईल. अंगणातली माती वाळवून, कुटून मैद्याच्या चाळणीने चाळायला सांगितली. सारख्या मापाचे दोन उभट काचेचे पेले मागितले. दोन्हींत दोन-दोन चमचे माती टाकली. एकात पाणी ओतलं आणि दुसऱ्यात रॉकेल. रेशनचं रॉकेल ओतताना माझा जीव खालीवर होत होता, खोटं कशाला सांगू! दोन्ही पेले ढवळून एक दिवस हलवायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी बघितलं, तर रॉकेलमधली माती होती तेवढीच तळाशी बसलेली, आणि पाण्यातली फुगून जवळजवळ दुप्पट उंच झालेली. रॉकेल काही मातीला फुगवत नाही, पाणी फुगवतं. दोन पेल्यांतला फरक म्हणजे मातीची खोड. प्रयोगशाळेत हेच मोजून-मापून करतात.

नंतर त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. आपला दख्खनचा काळा पाषाण हजारो वर्षं झिजून, कुजून ही काळी माती झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं एक खनिज असतं. त्याचे अतिशय पातळ पापुद्रे असतात आणि पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरतं. बरणीत गच्च हरभरे भरून भिजत घातले आणि झाकण लावलं तर बरणी तडकते ना, तसाच हा जोर. हलकं घर ती माती उचलते. उन्हाळ्यात पाणी आटलं की आक्रसते आणि घर खाली सोडते. सगळं घर एकदम वरखाली झालं असतं तर एक वेळ चाललं असतं. आमच्या घराचा मोरीकडचा कोपरा बारमाही ओला, म्हणजे कायम फुगलेला. पलीकडचा कोपरा उन्हाळ्यात सुकायचा आणि खाली जायचा. मधल्या मधे भिंत फाटायची, चौकट तिरकी व्हायची. म्हणून दार मे महिन्यात अडकायचं.

"म्हणजे हे अळू..." मी म्हटलं.

"अळू आणि केळी," ते म्हणाले. "मोरीचं पाणी पाइपाने लांब न्यायला हवं."

सासूबाई दारात उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून बघते, तर त्यांनी अळवाचे सगळे कांदे उकरून कुंपणापाशी नेऊन लावले होते. पदराला चिखल होता. म्हणाल्या, "मीच आधी बोलले होते काळीचं, आणि मीच पाणी घातलं बघ."

उपाय दोन होते. खालचा मुरूम लागेपर्यंत खणत जायचं, हा पहिला. पुण्यात बऱ्याच ठिकाणी तो सोपा आहे, कारण पाषाण वरच असतो. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर आठवा! आठव्या शतकातलं ते लेणं जमिनीच्या पातळीलाच खडकात कोरलेलं आहे. पण आमच्या बाजूला नदीने आणलेल्या मातीचे थर. खड्डा खणून बघितला तेव्हा नऊ फूट नुसती काळी, तिच्याखाली पिवळसर घट्ट माती, आणि चौदा फुटांवर कुठे मुरूम लागला. भिंतीखाली सगळीकडे चौदा फूट चर खणून दगडाने भरायचा म्हणजे दुसरं घरच गाडायचं.

दुसरा उपाय म्हणजे पाइल, जमिनीतले खांब. त्यातही काळ्या मातीसाठी खास प्रकार आहे, तळाशी फुगीर असलेला. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ही पद्धत आपल्याकडे रुजवली. पातीचा कांदा डोळ्यांपुढे आणा. वर सरळ दांडा, खाली गोल कांदा. दांडा एक फूट जाडीचा, कांदा अडीच फुटांचा. कांदा अशा खोलीवर ठेवायचा, जिथे पावसाळा-उन्हाळा पोहोचत नाही आणि माती बारा महिने सारखीच असते. वरची माती फुगली आणि तिने दांड्याला धरून वर ओढलं, तरी खालचा कांदा अडकून बसतो. पात धरून ओलीतला कांदा उपटून बघा, म्हणजे कळेल.

सगळं घर पाडणं शक्य नव्हतं. मागचं स्वयंपाकघर, मोरी आणि लगतची एक खोली पाडून तेवढाच भाग बारा पाइलवर नव्याने उभारायचा, पुढच्या दोन खोल्या तशाच ठेवायच्या, असं ठरलं. पाइल आणि वरच्या तुळया मिळून साडेनऊ हजार. ह्यांचा दहा महिन्यांचा पगार!

"साडेनऊ हजार जमिनीखाली?" हे म्हणाले. "तेवढ्यात वरचं सगळं स्वयंपाकघर होतं, मोझॅकच्या फरशीसकट. पाइल कोण बघणार आहे?" रात्रभर ह्यांची कूस बदलणं चालू होतं. पहाटे अंधारातच म्हणाले, "ते दीडशे रुपये मी वाचवले होते." एवढंच. मी उठून कपाटातली डबी आणली.

आईला कळवणं भाग होतं. साताऱ्याहून तिचं कार्ड आलं. तिने लिहिलं होतं, भिंत अंगावर पडून हात मोडला तर पाटल्या कुठे घालशील? विक आणि मोकळी हो. पाटल्या विकून आले, बाकीचे फंडातून काढले.

१९८३च्या फेब्रुवारीत काम काढलं. सिमेंटवरचं नियंत्रण आदल्या वर्षीच थोडं सैल झालं होतं, तरी परमिटचं मिळेपर्यंत खेटे आणि खुल्या बाजारातलं महाग. नुसत्या पाइलना तीसेक पोती लागली. काम बघायला मात्र मजा होती. तीन पायांची घोडी उभी केली आणि सुताराचं गिरमीट असतं ना, तसलं माणसाएवढं गिरमीट चौघे जण गोल गोल फिरून जमिनीत घालायचे. दर थोड्या वेळाने वर काढून त्यात अडकलेली माती झाडायची. वर काळी, मग करडी, मग पिवळी. तेरा फूट गेल्यावर दुसरं हत्यार आत सोडलं. त्याची पाती खाली दाबली की छत्रीसारखी उघडतात आणि फिरवली की तळाशी पोकळी कोरली जाते. मुकादम दोरीला आरसा बांधून उन्हाची तिरीप आत सोडायचा आणि पोकळी साफ आहे का बघायचा. मी हट्टाने एकदा वाकून पाहिलं. खोल काळोखात तो आरशाचा उजेड पिवळ्या मातीवर फिरत होता. मला विहिरीची आठवण झाली. मग सळयांचा पिंजरा सोडला, आणि लोखंडी नरसाळ्यातून काँक्रीट. संध्याकाळपर्यंत दोन पाइल व्हायचे. जमिनीवर दिसायला काय, तर एक फुटाची वर्तुळं आणि त्यांतून वर आलेल्या सळया.

सासूबाईंना सगळ्यात खटकलं ते पुढचं. पाइलच्या डोक्यांवर काँक्रीटच्या तुळया टाकल्या आणि भिंती त्या तुळयांवर घेतल्या. पण तुळया जमिनीला टेकवायच्या नाहीत. खाली तीन-साडेतीन इंच पोकळी ठेवायची, म्हणजे माती फुगली तरी तिला जागा मिळते. "म्हणजे घर अधांतरी?" त्या म्हणाल्या. अधांतरीच, पण बारा पायांवर. त्या पोकळीत उंदीर शिरतात, हे कुणी आधी सांगत नाही. बाहेरून शहाबादीचे तुकडे तुळईला न चिकटवता लावून घ्यावे लागले. आतल्या जमिनीखालची तीन फूट काळी माती काढून मुरूम भरला, थराथराने पाणी मारून धुम्मस केला, कारण नुसत्या भिंती स्थिर राहिल्या आणि फरशीच फुगली तर काय उपयोग?

पैसे संपले. मोझॅक गेलं आणि शहाबादी फरशी आली, ओट्याला साधा कडाप्पा. हळदीकुंकवाला बायका नवं स्वयंपाकघर बघायला आल्या. इकडेतिकडे बघून एकीने विचारलं, "एवढा खर्च कशात झाला हो?" पायाखाली बोट दाखवलं, तर तिला वाटलं मी शहाबादीचंच कौतुक करतेय!

सगळ्यांनाच पाइल लागतात असं मुळीच समजू नका. चार-पाच फुटांवर मुरूम लागत असेल तर साधा पाया उत्तम, आणि कुणी उगीच पाइल गळ्यात मारत असेल तर दोनदा विचारा. ओढ्यात किंवा जुन्या खाणीत भराव टाकून केलेल्या जमिनीत ही कांद्याची पद्धत तशीच्या तशी चालतही नाही, कारण भोकच ढासळतं. तिथे वेगळे पाइल लागतात, खडकापर्यंत नेलेले. मूळची जमीन कशी होती ते जुन्या शेतकऱ्याला विचारावं. ओढा कुठून जायचा, विहीर कुठे बुजवली, हे त्याला ठाऊक असतं. पाणी आपली जुनी वाट विसरत नाही. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबील ओढ्याने काठावरच्या घरांची काय दशा केली, ते पुण्याने पाहिलंच आहे. प्लॉट बघायला मे महिन्यात जावं, भेगा दिसतात. आणि शेजारच्या घरात चहाला बसावं, म्हणजे दारं कशी लागतात तेही दिसतं! मोठी झाडं भिंतीपासून निदान त्यांच्या उंचीएवढी लांब असावीत, मोरीचं आणि पागोळ्यांचं पाणी भिंतीशी मुरू देऊ नये, घराभोवती उताराची फरशी करून घ्यावी. यातलं बरंचसं फुकटात होतं.

आमच्या पुढच्या दोन खोल्यांना नंतर त्याच फरशीने आणि पाइपाने पुष्कळ आराम पडला. पूर्ण नाही.

मुलगा पुढे कामानिमित्त इटलीला जाऊन आला. व्हेनिस शहर चिखलात ठोकलेल्या लाकडी खुंटांवर शेकडो वर्षं उभं आहे, असं सांगत होता. पाण्याखाली हवा पोहोचत नाही म्हणून ते लाकूड सहजी कुजत नाही म्हणे. पिसाचा मनोरा मात्र मऊ जमिनीवर उथळ पायाने बांधला आणि पुरा व्हायच्या आधीच कलला. त्याचा फोटो काढायला जगभरातून लोक येतात. आमच्या दाराचा फोटो काढायला कुणी आलं नाही!

तर परवा सूनबाई माहितीपत्रकं दाखवत होती. पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, इटालियन फरशी. मी विचारलं, "मातीचा अहवाल मागितलास का?" ती माझ्याकडे बघतच राहिली. आजकाल अशा इमारतीसाठी जमिनीत भोकं घेऊन माती-खडक तपासतात, त्याचा अहवाल असतो. पाया कशावर टेकला आहे ते त्यात कळतं. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने तो स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा, असं २०१६च्या रेरा कायद्यात आहे, हेही तिला सांगितलं. तिने अहवाल मागितला. विक्री कचेरीतल्या मुलाने म्हणे वर फोन लावला, खाली फोन लावला आणि चार दिवसांनी कागद पाठवला. तो आता ह्यांच्या टेबलावर आहे. हे भिंग घेऊन वाचतायत.

आमचं घर अजून आहे. जुना भाग आणि पाइलवरचा भाग यांच्यामध्ये तेव्हा इंचभर फट मुद्दाम ठेवली होती, कारण दोन्ही अंगं वेगवेगळी हलणार. तिच्यावर सागवानी पट्टी आहे, फक्त नव्या भिंतीला ठोकलेली. जुन्या भिंतीवरून ती मोकळी सरकते. पट्टीच्या कडेला जुन्या भिंतीवर मी पेन्सिलची एक रेघ मारून ठेवली आहे. दर वेळी रंग दिला की पुन्हा मारते. उन्हाळ्यात जुनी भिंत लांब सरते आणि रेघ उघडी पडते, पाऊस मुरला की ती पट्टीखाली जाते. ओट्यावरची भिंत मात्र १९८३पासून आहे तशी आहे आणि दार बोटाने लोटलं तरी लागतं. यंदा अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी ह्यांनी चष्मा लावून बघितलं आणि आतून हाक मारली, "अगं, गेली बरं का रेघ आत."